खुर्चीत बसेल त्याचं बरोबर

"अगं, पण तुझे वडीलच म्हणाले ना!" हेडसरांनी चष्मा शर्टाच्या टोकाला पुसला आणि तिच्याकडे असं बघितलं, की जणू तिनंच त्यांना फसवलंय. "मी स्वतः विचारलं त्यांना. म्हटलं, पोरीला एवढ्या लांब कशाला पाठवता, ही जागा दुसऱ्या कुणाला जाऊ दे. तर म्हणाले, बरोबर आहे. मग मी वसतिगृहाच्या बाईंना फोन करून तुझं नाव काढायला सांगितलं."

"कुठं विचारलंत सर?"

"कुठं म्हणजे? दुकानात. केस कापायला गेलो होतो."

"खुर्चीत बसून?"

"मग काय उभ्याउभ्या कापून घेऊ?"

संपलं. तोफेच्या तळपायातून जी आग निघाली ती मस्तकात पोचूनही थांबेना.

तोफ हे तिचं खरं नाव नव्हे. ते बाबांच्या सलूनमधल्या बाकड्यानं ठेवलेलं नाव. बाकड्यानं म्हणजे बाकड्यावर पाळीची वाट बघत बसणाऱ्या, आणि पाळी येऊन गेली तरी न उठणाऱ्या मंडळींनी. अगदी लहान असताना तिनं एका गिऱ्हाईकाला भर दुकानात विचारलं होतं, "तुमच्या डोक्यावर तर काहीच नाही, मग तुम्ही कशाला आलात?" तेव्हापासून तोफ. आधी ती या नावावर रडायची. मग चिडायची. या वर्षी मात्र तिला ते एकदम आवडायला लागलं होतं. वर्गात उभं राहून बोलायची भीती कुठं पळाली कुणास ठाऊक, पण पळाली होती, आणि शहरातल्या मोठ्या शाळेच्या मुलाखतीत ती अशी काही धडाडली होती की समोरच्या तिन्ही बाई हसत होत्या आणि लिहीत होत्या.

त्या शाळेत खरीखुरी प्रयोगशाळा होती. इथल्या शाळेतही होती म्हणा. वर्गाच्या मागच्या भिंतीला एक कुलूपबंद कपाट, त्यावर 'प्रयोगशाळा' अशी पाटी. किल्ली हेडसरांकडे. आतल्या काचेच्या नळ्या फुटतील म्हणून ते कपाट कधी उघडायचं नाही. तोफेनं पाच वर्षं त्या कपाटाकडे बघत प्रयोगांची उत्तरं पाठ केली होती.

"सर, तुम्हाला माहीत नाही का बाबा खुर्चीतल्या माणसाला काय म्हणतात ते?"

"काय म्हणतात?"

ती काही न बोलता निघाली. बोलली असती तर या शाळेतूनही नाव निघालं असतं.

काय म्हणतात ते सगळ्या गावाला माहीत होतं. बाबांच्या उस्तादांनी त्यांना एक नियम शिकवला होता: हत्यार हातात असताना गिऱ्हाईकाशी वाद घालायचा नाही. कारण साधं होतं. वाद घातला की माणूस चिडतो, चिडला की मान हलवतो, आणि मान हलली की कान गेला. म्हणून खुर्चीतला जे बोलेल त्याला बाबा "बरोबर आहे" म्हणत आणि कात्री चालवत राहत. एकजण म्हणे पाऊस पडणार, बरोबर आहे. दुसरा म्हणे छे, कसला पडतोय, बरोबर आहे. एका सकाळी त्यांनी एका भावाला सांगितलं की वाटणीत त्याच्यावरच अन्याय झालाय, आणि त्याच दुपारी त्याच्या धाकट्या भावाला सांगितलं की अन्याय त्याच्यावर झालाय. दोघंही समाधानानं भांग पाडून गेले.

गंमत म्हणजे बाबा खुर्चीतल्या प्रत्येकाची री ओढतात हे माहीत असूनही प्रत्येकाला वाटायचं, इतरांना उगाच म्हणत असतील, पण मला मात्र ते अगदी मनापासून म्हणतात. हेडसरांनाही तसंच वाटलं. आणि तेवढ्यावर त्यांनी चार दिवसांपूर्वी फोन फिरवला.

भर चारच्या उन्हात ती तरातरा चालत निघाली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. औषधांच्या दुकानातला माणूस काउंटरवर डोकं ठेवून झोपला होता. सायकलवाल्याच्या दारात एक उलटी सायकल, तिचं चाक कुणीही न फिरवता हळूहळू फिरत होतं. शिंप्याच्या पायरीवर बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी तिच्याकडे बघून माना डोलावल्या. त्यांना नक्कीच आधीच कळलेलं. इथं शिंक आली तरी पलीकडच्या गल्लीतून कुणीतरी विचारतं, सर्दी झाली का. पण तुझं नाव कापलंय, असं सांगायला चार दिवसांत एकही माणूस आला नव्हता.

'किती शांत गाव आहे तुमचं!' बाहेरून आलेला प्रत्येक माणूस हे म्हणतो. शांत! सगळे मूग गिळून बसले की शांतच वाटणार.

सलूनच्या दाराशी तिनं चपला भिरकावल्या. खुर्चीत बँकेतून निवृत्त झालेले साहेब होते. शहरातलं घर विकून मागच्या वर्षीच ते इथं राहायला आले होते, आणि तेव्हापासून इथल्या हवेचं कौतुक करायचं काम त्यांनी पूर्णवेळ हाती घेतलं होतं. गळ्यापर्यंत पांढरं कापड, हनुवटीवर साबणाचा फेस, आणि त्या फेसातून तोंड चालू.

"मी सांगतो तुम्हाला, स्वर्ग आहे स्वर्ग! सकाळी उठलो की पाखरांचा आवाज. बाकी काही नाही. शहरात माणूस शेजाऱ्याचं तोंड ओळखत नाही."

"बरोबर आहे साहेब," बाबा म्हणाले आणि वस्तरा गालावरून खाली आणला.

"स्वर्ग कसला, मसण आहे," बाकड्यावरून ड्रायव्हरकाकांनी पेपरच्या आडून टोला हाणला. ते रोज शहराची बस नेत आणि आणत. "तुम्ही पेन्शन घेऊन आलात म्हणून पाखरं ऐकताय. इथल्या पोरांना विचारा. माझ्या बसमधून जाताना उड्या मारत चढतात, परत येताना तोंडं बघवत नाहीत."

"काका, तुमचंही बरोबर आहे, पण तुम्ही खुर्चीत आल्यावर बोला," बाबा हसून म्हणाले.

बाकडं हसलं. तोफ हसली नाही.

"बाबा, हेडसरांना तुम्ही काय म्हणालात?"

वस्तरा हवेत थांबला. "कधी?"

"माझी जागा दुसऱ्याला देऊ का असं त्यांनी विचारलं तेव्हा."

बाबा आठवायला लागले. तिला खरा राग त्याचाच आला. ते आठवत होते! तिच्या अख्ख्या आयुष्याचा प्रश्न त्या खुर्चीत बसून कुणीतरी विचारला होता, आणि तो पाऊस, भाऊबंदकी आणि बटाट्याच्या भावात कुठंतरी मिसळून गेला होता.

"ते... सर बोलत होते काहीतरी. मी त्यांची मान धरून मागचे केस कापत होतो गं. म्हटलं असेन बरोबर आहे. मी ते असं... मला वाटलं ते नुसतं बोलताहेत."

"त्यांनी नाव काढलं माझं! फोन करून! तुम्ही म्हणालात म्हणून!"

आणि याच वेळी, नेमक्या याच वेळी, साहेबांना बोलायची हुक्की आली.

"अगं बाळ, वाईट वाटून घेऊ नकोस. जे होतं ते चांगल्यासाठीच. माझ्या मुलीला पाठवलं होतं मी शिकायला लांब. आता फोनवर दोन मिनिटं बोलते. आईबापांजवळ राहण्यात जे सुख आहे ना..."

"बरोबर आ..." बाबांच्या तोंडून सवयीनं निसटलं.

"बाबा!"

ही हाक शिंप्याच्या पायरीपर्यंत गेली. साहेब दचकले, मान हलली, आणि हनुवटीवर एक बारीक लाल रेघ उमटली. इतक्या वर्षांत बाबांच्या हातून कुणी कापलं गेलं नव्हतं. बाबांनी तुरटीचा खडा उचलून त्या रेघेवर दाबला.

मागचा पडदा सरकला आणि आई बाहेर आली. पडद्यामागे तिचं शिलाईमशीन होतं. तिथं बसून ती दुकानातलं सगळं ऐकायची आणि एक शब्द बोलायची नाही, कारण तिचा हिशेब रात्री स्वयंपाकघरात व्हायचा. आज तिनं गळ्यातली टेप काढून मशीनवर ठेवली होती.

"साहेब, तोंड धुवा. पैसे नकोत. काका, पेपर घरी घेऊन जा. दुकान बंद आहे."

"अहो वहिनी, माझी पाळी..."

"उद्या. आणि बाहेर जाऊन लगेच कुणाला सांगू नका, निदान चहा पिऊन मग सांगा."

साहेब गेले, बाकडं रिकामं झालं. आईनं दार लोटून घेतलं. तोफ तणतणत खुर्चीपाशी गेली आणि धपकन तिच्यात बसली.

"आता मी बसलेय. आता सांगा. मला शहरात शिकायला जायचंय. मी जाणार."

बाबा तिच्या मागं उभे होते. आरशात दोघांची तोंडं एकावर एक. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, मऊ आवाजात म्हणाले, "बरोबर आहे बाळा."

तिनं खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. "हे नकोय मला! हे तुम्ही सगळ्यांना देता! साहेबांना देता, हेडसरांना देता, त्या सायकलवाल्याला देता. माझ्यासाठी तुमच्याकडे वेगळं काहीच नाही का? तुम्हाला काय वाटतं? तुम्हाला! मी जावं की नाही?"

"तुला जे वाटतं ते..."

"मला काय वाटतं ते मला माहितीये!"

"लग्न होऊन आले तेव्हापासून मीही वाट बघतेय," आई म्हणाली. "भिंतीला कुठला रंग द्यायचा इथपासून. जे मी म्हणेन ते बरोबर. मला वाटायचं किती गुणी नवरा मिळाला. मग कळलं, सगळं मलाच ठरवावं लागतं आणि चुकलं की तेही माझंच." ती पुढं आली. "ऊठ गं. त्यांना बसव तिथं."

बाबा त्या खुर्चीत कधीच बसत नसत. ते स्वतःचे केस उभ्यानं, दोन आरसे धरून, स्वतःच कापत. आज आईनं त्यांना दोन्ही खांद्यांना धरून बसवलं, तर ते पाहुण्यासारखे अगदी कडेला टेकले. तोफेनं पांढरं कापड झटकलं, त्यांच्या गळ्याभोवती बांधलं आणि कात्री घेतली. कापायला तिला येत होतं. आईचे आणि स्वतःचे ती कधीची कापत होती.

"खुर्चीतला माणूस मनातलं बोलतो," ती म्हणाली. "बोला."

तिनं कंगव्यानं मागचे केस उचलले आणि पहिली बट कापली. बाबा गप्प. दुसरी. गप्प. कानाजवळ आली तेव्हा त्यांचा कान लाल झालेला तिला दिसला.

"मला नाही पाठवायचं तुला," बाबा म्हणाले.

कात्री थांबली. आई पडद्याला टेकली.

"अजिबात नाही पाठवायचं. विचारतेस ना, मग ऐक. मी होतो त्या शहरात. वर्षभर. मोठं सलून, ओळीनं खुर्च्या. माणूस यायचा, बसायचा, डोळे मिटायचा. एक शब्द नाही! मी विचारलं, पाणी गरम वाटतंय का, तर असं बघायचा की मी त्याच्या खिशात हात घातलाय. आजारी पडलो तर खोलीवर कुणी आलं नाही. मालकानं तिसऱ्या दिवशी दुसरा माणूस ठेवला. तुला काय माहितीये शहर म्हणजे काय? मुलाखतीला एक दिवस गेलीस, चकचकीत फरशी बघितलीस, झालं!"

ते बोलताना मान हलवत होते. उस्तादांचा नियम किती खरा होता! ती कापतच होती आणि ते हलतच होते, आणि डाव्या कानामागं एक चांगला रुपयाएवढा खड्डा पडला.

"तुम्ही एकटे पडलात म्हणून मी पडणार? मी काय तुम्ही आहे?" तीही चढ्या आवाजात ओरडली. "तुम्ही गप्प बसलात म्हणून कुणी बोललं नाही! मी त्या बाईंना मुलाखतीत हसवून आले! आणि इथं काय मोठं सगळे बोलतात? इथं सगळे मला ओळखतात आणि मलाच विचारत नाहीत! हेडसरांनी मला विचारलं? मी रोज त्यांच्या समोर बसते, पहिल्या बाकावर! त्यांनी तुम्हाला विचारलं, तेही तुमच्या हातात कात्री असताना!"

"लहान आहेस तू!"

"मग लहान मुलीला सांगायचं होतं ना, की नाही म्हणून! माझ्या तोंडावर! मी भांडले असते, रडले असते, जेवले नसते. तुम्ही मला भांडूच दिलं नाहीत, बाबा. मी अर्ज भरला तेव्हा बरोबर आहे. मुलाखतीला गेले तेव्हा बरोबर आहे. मनात हे होतं, आणि तोंडानं बरोबर आहे!"

बाबांनी आरशात तिच्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते रागाचं होतं. हे तिनं आधी कधी बघितलंच नव्हतं. बाबांना रागही येतो!

"मला भीती वाटते," ते म्हणाले. "झालं समाधान?"

"नाही झालं. पण मी जाणार."

"आणि मला ते पटलेलं नाही."

"नका पटवून घेऊ. पण तुमच्यामुळं गेलेली जागा तुम्ही मागायची. आत्ता. उठा."

"अगं, केस अर्धे..."

"उठा!"

हेडसर अंगणात झाडांना पाणी घालत होते. गळ्यात पांढरं कापड तसंच, डोक्याची एक बाजू कापलेली, एक जंगल, असे बाबा फाटकातून आत आले, तेव्हा सरांच्या हातातली नळी त्यांच्याच पायावर वळली.

"सर, त्या दिवशी मी बरोबर आहे म्हणालो, ते चूक होतं," बाबा एका दमात म्हणाले. "तिला जायचंय. जागा परत मागा."

"अहो, असं कसं? एकदा नाव काढलं की... आणि मी तिच्या भल्याचंच बोललो. इथं काय कमी आहे? शांत, सुरक्षित. मी माझा सगळा जन्म इथं काढला, माझं काही बिघडलं?"

तोफेनं ओठ दाताखाली दाबला. बाबांचं तोंड उघडलं. तिला ते दोन शब्द येताना दिसलेसुद्धा.

"तुमच्या कपाटातल्या नळ्यांचंही काही बिघडलेलं नाही, सर," बाबा म्हणाले. "फोन लावा."

सरांनी खिशातून फोन काढला, लावला आणि बाबांच्या हातात दिला, जणू तो गरम होता.

वसतिगृहाच्या बाईंचा आवाज फाटकापर्यंत ऐकू येत होता. हवं काय, नको काय, हा काय पोरखेळ चाललाय? ती खाट दुसऱ्या मुलीला दिली. तिचे पैसे भरून झाले. आता पुढच्या वर्षीपर्यंत एकही खाट नाही. शाळेतला प्रवेश आहे अजून, तो कुणी काढलेला नाही. पण राहायचं तुमचं तुम्ही बघा.

बाबांनी दोनदा विनंती केली, एकदा आवाजही चढवला. बाईंनी फोन ठेवला.

नळीतलं पाणी वाफ्याबाहेर वाहून सरांच्या चपलेखाली जमत होतं. रडायचं नाही असं तोफेनं ठरवलंच होतं. निदान या अंगणात तर नाहीच.

"बघा," सर हळूच म्हणाले. "म्हणजे आता इथंच..."

"बसनं जाईन," तोफ म्हणाली.

"रोज?" बाबा वळले. "जायला दोन तास आहेत! यायला दोन तास!"

"मोजता येतं मला."

"पहाटे अंधारात निघावं लागेल. परत येईपर्यंत अंधार. अभ्यास कधी करणार?"

"बसमध्ये."

"वेडी आहेस का?"

"हो. आणि हे चार तास तुमचे आहेत, बाबा. वर्षभर रोज चार तास. तुम्ही घालवलेत. बसमध्ये बसले की रोज आठवण काढीन तुमची, आणि चांगली नाही काढणार!"

बाबांना ते लागलं. तिला दिसलं की लागलं, आणि तिनं ते परत घेतलं नाही.

"ठीक आहे," ते म्हणाले. "काढ. पण स्टँडपर्यंत सोडायला मी येणार."

"नको."

"मी विचारत नाहीये."

ती फाटकाबाहेर पडली. मागून बाबा. रस्त्याच्या वळणावर साहेब त्यांच्या घराच्या दारात उभे होते, हनुवटीवर कापसाचा बोळा चिकटवून. म्हणजे सरांच्या कुंपणाबाहेर ऐकत उभे असलेले ड्रायव्हरकाका चहा न पिताच इथं पोचले होते.

"काय हो, पाठवताय म्हणे पोरीला? रोज बसनं? अहो, काय हा वेडेपणा! स्वर्ग सोडून..."

"साहेब," बाबा रस्त्याच्या मधोमध थांबले, "तुम्ही शहरात नोकरी केलीत, शहरात मुलगी शिकवलीत, आणि सगळं झाल्यावर इथं पाखरं ऐकायला आलात. आमच्या पोरांनी आधीपासूनच पाखरं ऐकत बसायचं का?"

"अहो, पण मघाशी तर तुम्हीच..."

"मघाशी तुमच्या गळ्यावर वस्तरा होता माझा!"

शिंप्याच्या पायरीवरचे दोघं म्हातारे उठून उभे राहिले. औषधवाला दारात आला. सायकलवाल्यानं कुठूनसं डोकं बाहेर काढलं आणि ओरडला, साहेबांचंही खरं आहे, माझा भाचा गेला तो सणवारालासुद्धा येत नाही. त्यावर बाबा त्याच्याकडे वळले, "तू तर बोलूच नकोस, तूच त्याला हाकललास!" आणि मग सगळेच एकदम बोलायला लागले.

"चला ना बाबा," तोफ म्हणाली. तिला भूक लागली होती, राग तसूभरही उतरला नव्हता, आणि उद्या पासासाठी फोटो काढायचा होता.

"थांब गं," बाबा म्हणाले. अर्धे कापलेले केस उन्हात उभे, गळ्यातलं कापड वाऱ्यानं फडफडतंय. "मला बोलू दे."

ती शिंप्याच्या पायरीवर, म्हाताऱ्यांच्या रिकाम्या जागेवर बसली, गुडघ्यांवर कोपरं टेकवून. एका म्हाताऱ्यानं वळून विचारलं, "काय गं तोफे, खरंच जाणार?"

"हो," ती म्हणाली. "तुम्ही पहिले, ज्यांनी मला विचारलंत."